घड्याळाखालची कातडी

रायपूरच्या सदर बाजारात दागिना घ्यायला आलेले गिऱ्हाईक आधी शुद्धता विचारते. ९१६ आहे ना? हॉलमार्क कुठे आहे? एचयूआयडी भिंगातून दाखवा. २०२३च्या १ एप्रिलपासून हा सहा अक्षर-अंकांचा क्रमांक असल्याशिवाय हॉलमार्कचा सोन्याचा दागिना विकता येत नाही, आणि गिऱ्हाइकालाही ते आता चांगले माहीत झाले आहे. त्याच गिऱ्हाइकाच्या डाव्या मनगटावर स्मार्टवॉच असते. हार लग्नाकार्यात चार तास घातला जातो. घड्याळ मात्र दिवसाचे वीस-बावीस तास कातडीला टेकलेले असते, झोपेतसुद्धा, कारण झोपही मोजायची असते. त्याची पाठ कोणत्या धातूची, बकलावर मुलामा कशाचा, काच कशाने चिकटवली आहे, हे कोणी विचारत नाही. मग एखाद्या मे महिन्यात घड्याळ काढल्यावर खाली लाल चट्टा दिसतो. घरचे म्हणतात, "ॲलर्जी झाली असेल, एखादं मलम लाव."

घड्याळाखाली होणारी प्रत्येक गोष्ट ॲलर्जी नसते. किमान पाच-सहा वेगवेगळे प्रकार तिथे होतात. प्रत्येकाचे कारण निराळे, उपाय निराळा, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला तर नुकसान होते. बरे म्हणजे, चट्ट्याचा आकार, त्याची जागा आणि तो कधी उमटला ही वेळ, एवढ्यावरून बरेचसे कळू शकते.

घड्याळ काढा आणि उजेडात उलटे धरा. मधोमध काचेचा किंवा कडक प्लास्टिकचा गोल दिसेल, त्यात हिरवे दिवे. एका बाजूला चार्जिंगच्या दोन किंवा चार सोनेरी टिकल्या. गोलाभोवती कड, आणि काच व कड यांच्या सांध्यात बारीक पांढुरकी रेघ. नखाने खरवडली तर ती निघते: वाळलेल्या घामाचे मीठ, साबण आणि कातडीचा कोंडा. पट्ट्याच्या आतल्या बाजूला भोकांच्या कडांनाही हाच थर असतो. शेवटी बकल. त्याची आतली बाजू, जिथे ते मनगटाच्या मऊ बाजूवर घासते, तिथला मुलामा सहसा सगळ्यात आधी उडतो आणि खालचा पिवळसर किंवा राखाडी धातू उघडा पडतो. आता मनगट पाहा. चट्टा गोलाच्या जागी आहे, टिकल्यांच्या जागी आहे, पट्ट्याखाली सरसकट आहे, की नेमका बकलाखाली आहे? डॉक्टरही पहिल्यांदा हेच पाहतात.

हिरव्या दिव्याबद्दलची भीती आधी दूर करतो, कारण ती बरीच पसरली आहे. रक्त हिरवा प्रकाश शोषते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला मनगटातल्या बारीक वाहिन्यांत रक्त किंचित वाढते, तेवढा प्रकाश कमी परततो, आणि या चढउतारावरून घड्याळ नाडी मोजते. या दिव्याची शक्ती इतकी थोडी असते की त्याने कातडी भाजत नाही. गोलाखाली लालसर वर्तुळ उमटले असेल तर कारण दुसरीकडे शोधायचे. बहुतेक वेळा ते दाब आणि घाम यांचेच असते.

सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार घामाचाच आहे. रायपूरला मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो, आणि जुलैत तो उतरला तरी हवा ओली होते. सिलिकोनचा पट्टा घाम शोषत नाही आणि बाहेरही जाऊ देत नाही. बराच वेळ धुणे धुतल्यावर बोटे पांढरी होऊन सुरकुततात, तसा पट्ट्याखालचा कातडीचा वरचा थर पाणी पिऊन फुगतो. हा थर म्हणजे कातडीचे कुंपण. ते ढिले पडले की हात धुताना पट्ट्याखाली गेलेला साबण, सॅनिटायझर, सनस्क्रीन, अगदी घामातले मीठही आत शिरून चुरचुर करते. ही ॲलर्जी नव्हे. शरीराने कशाला विरोध केलेला नसतो, कातडीला फक्त इजा झालेली असते, आणि पुरेसा घाम, साबण व घर्षण मिळाले तर ती कोणालाही होऊ शकते. ओळख अशी: खाजेपेक्षा चुरचुर आणि आग जास्त, लाली पट्ट्याच्या रुंदीएवढीच, तिची कड स्पष्ट, आणि घड्याळ काढून ठेवले की चार-आठ दिवसांत उतार. घामाच्या ग्रंथींची तोंडे बुजून बारीक घामोळ्या उठल्या असतील तर त्याही याच जातीच्या.

सराफ्यात बसून काम करणाऱ्या कारागिरांना मात्र यात जास्त जपावे लागते. सोन्याच्या कामात तेजाब लागते, सांधा जोडताना टाकणखार लागतो. हात धुतले तरी पट्ट्याच्या भोकांत आणि बकलाच्या बिजागरीत त्याचा अंश राहतो, मग घाम आला की तो पुन्हा ओला होऊन कातडीला लागतो. कामाला बसताना घड्याळ काढून ठेवणे हाच त्यावर खरा उपाय आहे. इतरांनी दिवसातून एकदा पट्टा साध्या पाण्याने धुवावा, घड्याळ आणि मनगट दोन्ही पूर्ण कोरडे झाल्याशिवाय ते पुन्हा घालू नये. पट्ट्याखाली करंगळी सहज सरकावी इतका तो सैल असावा. व्यायामाच्या वेळी नाडी नीट मोजली जावी म्हणून आवळला असेल तर नंतर सैल करावा. आणि रात्री काही तास मनगट मोकळे ठेवावे. झोपेचा आलेख एखाद्या रात्री अपुरा राहिला तरी चालतो.

खरी ॲलर्जी निराळी, आणि तिच्यात सर्वांत मोठा वाटा निकेलचा. ती समजायला मराठी माणसाला बिब्ब्याइतके जवळचे उदाहरण नाही. बिब्बा उततो म्हणजे काय होते ते आपल्या घराघरांत माहीत होते. तेल लागल्याबरोबर काही होत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कातडी सुजते, खाजते, पाण्याचे फोड येतात. एकाला उततो, शेजारच्याला उतत नाही. एकदा उतला की पुढे जरासा लागला तरी उततो. कपड्यांवर खूण करायला धोबी बिब्ब्याचा रस वापरत, आणि दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या गोऱ्या सैनिकांच्या मानेवर व कमरेवर नेमक्या त्या खुणेच्या जागी असेच चट्टे उठले होते. पुण्याकडे १९५०च्या दशकात आलेल्या गाजर गवतानेही पुढे हजारो शेतकऱ्यांना हाच त्रास दिला. वस्तू वेगळ्या, पण रीत तीच.

ती रीत अशी. घामातले मीठ धातूवरून निकेलचे सूक्ष्म कण विरघळवते. ते कातडीत शिरून तिथल्या प्रथिनांना चिकटतात. कातडीतल्या पहारेकरी पेशी त्यांना जवळच्या लसिकाग्रंथीत नेतात, आणि तिथे टी पेशींना या धातूची ओळख पटते. ही ओळख व्हायला काही आठवडे किंवा वर्षेही लागतात, आणि तेवढ्या काळात बाहेर काहीच दिसत नाही. पण एकदा ओळख झाली की ती सहसा जन्मभर राहते. पुढच्या वेळी तोच धातू लागला की टी पेशी तिथे गोळा होतात, आणि या गोळा होण्याला एक ते तीन दिवस जातात. म्हणून सोमवारी घातलेल्या नव्या घड्याळाचा चट्टा बुधवारी उठतो आणि माणूस बुधवारच्या जेवणाला दोष देतो. पुष्कळ जणांच्या बाबतीत ही ओळख मुळात घड्याळाने करून दिलेलीच नसते. ती लहानपणी कान टोचून घातलेल्या स्वस्त डुलांनी करून दिलेली असते. म्हणून मनगटावर चट्टा आला तर स्वतःला विचारा: खोट्या दागिन्यांनी कान चिघळले होते का? जीन्सच्या बटणाखाली, बेंबीजवळ, खाज येते का? उत्तर हो असेल तर संशय निकेलवर. चट्टा बकलाच्या आकाराचा असतो, खाज आगीपेक्षा जास्त असते, बारीक पाणीदार पुटकुळ्या येतात, आणि बरेचदा लाली धातूच्या सीमेबाहेर पसरते.

स्टेनलेस स्टीलमध्ये निकेल असते. चांगल्या घड्याळांत वापरतात त्या ३१६एल जातीत ते १० ते १४ टक्के असते. तरीही ते बहुतेकांना बाधत नाही, कारण पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि तो निकेलला बाहेर पडू देत नाही. उलट स्वस्त घड्याळात साध्या मिश्रधातूवर निकेलचा मुलामा आणि वर रंग असला, तर एकूण निकेल थोडे असूनही रंग उडाल्यावर ते सगळे घामाच्या तोंडी येते. म्हणजे धातूत निकेल किती आहे याला फारसे महत्त्व नाही, त्यातून झिरपते किती याला आहे. सदर बाजारातल्या दुकानात सोन्याचा कस पाहायचे एक्स-रे यंत्र असते. त्याखाली बकल धरले तर निकेलचा टक्का कळेल, झिरपणे कळणार नाही. त्यासाठी डायमिथाइलग्लायॉक्झिमची चाचणी असते: कापसाच्या बोळ्यावर त्याचे आणि अमोनियाचे थेंब घ्यायचे, धातूवर अर्धा मिनिट घासायचे, बोळा गुलाबी झाला तर निकेल सुटते आहे. काही त्वचारोगतज्ज्ञ ती करून देतात. युरोपने कायदाही झिरपण्यावरच बेतला आहे. डेन्मार्कने १९९०मध्ये सुरुवात केली, १९९४मध्ये युरोपीय संघाचा नियम आला: कातडीला सतत टेकणाऱ्या वस्तूतून दर चौरस सेंटिमीटरला आठवड्याला ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये. त्या नियमात घड्याळाची डबी, पट्टा आणि बकल यांची नावे घेऊन नोंद आहे. घ्यायचेच असेल तर टायटॅनियमची किंवा सिरॅमिकची पाठ आणि धातूचे बकल नसलेला कापडी पट्टा निकेलवाल्यांना सोसतो.

दुसरा ॲलर्जीचा गुन्हेगार डोळ्यांना दिसत नाही: गोंद. भाग चिकटवायला ॲक्रिलेट वर्गातले गोंद वापरतात. ते पूर्ण घट्ट झाले तर निरुपद्रवी, अर्धवट राहिले तर सुटे रेणू कातडीत उतरतात. फिटबिट कंपनीचा 'फोर्स' हा पट्टा २०१३च्या ऑक्टोबरात बाजारात आला आणि काही महिन्यांतच लोकांची मनगटे उतू लागली. २०१४मध्ये अमेरिकेतले सुमारे १० लाख आणि कॅनडातले २८ हजार पट्टे परत बोलवावे लागले. तोवर त्रासाच्या सुमारे ९,९०० तक्रारी आणि फोडांच्या सुमारे २५० तक्रारी जमल्या होत्या. कंपनीने कारण सांगितले ते हेच: स्टीलमधले निकेल किंवा गोंद व इतर भागांतले रेणू यांची ॲलर्जी. ब्यूटी पार्लरमध्ये जेल नखे लावून घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. त्या जेलमध्येही ॲक्रिलेटच असतात, आणि नखांपाशी झालेली ओळख मनगटावर कामाला येऊ शकते.

आता मलमाबद्दल, आणि इथे मला कळकळीने सांगायचे आहे. औषधाच्या दुकानात चट्टा दाखवला की पुष्कळदा एक मिश्र मलम हातात पडते: त्यात बुरशीवरचे औषध, जंतूंवरचे औषध आणि क्लोबेटासॉलसारखे जहाल स्टेरॉइड, तिन्ही एकत्र. पट्ट्याखालची ओलसर उबदार जागा नायट्यालाही आवडते. गोल चट्टा, कड उठलेली आणि कोंडा असलेली, मध्यभाग जरा निवळलेला, दर आठवड्याला रुंदावणारा, आणि जांघेत किंवा कमरेवरही तसाच एखादा असेल तर तो नायटा समजावा. त्यावर स्टेरॉइड लावले की दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते, माणूस खूश होतो. आत बुरशी मात्र निर्धास्त वाढते, तिचे रूप बदलते, आणि मग डॉक्टरांनाही ती ओळखणे अवघड होते. शिवाय जहाल स्टेरॉइड महिनोन्‌महिने लावले तर कातडी पातळ होते. भारतात गेल्या काही वर्षांत हट्टी नायटा इतका का वाढला, याच्या उत्तरात अशा मलमांचा मोठा वाटा त्वचारोगतज्ज्ञ सांगत आले आहेत. ॲलर्जीच्या चट्ट्याला सौम्य स्टेरॉइड थोडे दिवस लागते हे खरे, पण चट्टा ॲलर्जीचा आहे हे आधी कोणीतरी ठरवायला हवे. तोवर घड्याळ काढून ठेवणे आणि साधी पेट्रोलियम जेली लावणे, एवढे घरी पुरे.

इथपर्यंतचे सगळे प्रकार त्रासाचे, पण सावकाशीचे. भाजणे ही वेगळी गोष्ट आहे.

कातडी भाजायला वस्तू कढत असावीच लागते असे नाही. मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या दोघांनी १९४७मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग आजही आधार मानले जातात. ६० अंशांना काही सेकंदांत भाजते, पण ४४ अंशांची वस्तू सहा तास टेकून राहिली तरी भाजते. मधल्या टप्प्यात तापमान एकेक अंशाने वाढते तसा लागणारा वेळ साधारण निम्मा होत जातो. ४४ अंश म्हणजे हाताला नुसते कोमट-गरम. जागा माणूस चुळबुळ करून घड्याळ सरकवतो. झोपलेला, दारू प्यालेला, किंवा मधुमेहाने बधिरपणा आलेला माणूस सरकवत नाही. मधुमेह असलेल्यांनी रात्री घड्याळ घालू नये असे मला वाटते ते यामुळे.

घड्याळ तापते ते लिथियम-आयन बॅटरीमुळे. बॅटरीत दोन पत्र्यांमध्ये कागदासारखा पातळ पडदा असतो. आपटल्याने, पाणी शिरल्याने, चुकीच्या चार्जरने किंवा मुळातल्या दोषाने तो फाटला की आतल्या आत शॉर्ट होतो, उष्णतेने रसायने विघटतात, त्यातून आणखी उष्णता निघते, आणि हे चक्र मग थांबवता येत नाही. फिटबिटच्याच 'आयॉनिक' घड्याळात हे घडले. मार्च २०२२मध्ये अमेरिकेतली सुमारे १० लाख आणि इतर देशांतली सुमारे ६ लाख ९३ हजार घड्याळे परत बोलवली गेली. अमेरिकेत बॅटरी तापल्याच्या ११५ तक्रारी होत्या, त्यांत भाजल्याच्या ७८. दोघांना तिसऱ्या दर्जाचे भाजले होते. तोवर फिटबिट गूगलच्या मालकीची झाली होती. धोका कळूनही वेळेत कळवला नाही म्हणून २०२५च्या जानेवारीत १ कोटी २२ लाख ५० हजार डॉलरचा दंड झाला. विकलेल्या संख्येच्या मानाने ही प्रकरणे थोडी आहेत. पण घड्याळ पूर्वसूचना देते, ती ओळखता आली पाहिजे: पडदा एका कडेने उचलला जाणे, पाठ फुगणे, चार्ज अचानक भराभर उतरणे, काही चालू नसताना गरम लागणे, गोडसर उग्र वास. यातले काहीही दिसले तर ते पुन्हा चार्जही करू नये. आणि रायपूरच्या उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर घड्याळ ठेवू नये. लिथियम बॅटरी चार्ज करण्याची नेहमीची वरची मर्यादा ४५ अंश असते, आणि बंद गाडी मे महिन्यात ती केव्हाच ओलांडते.

भाजल्यासारखा आणखी एक प्रकार आहे, तो फसवा. मनगटावर दोनच ठिपके, टिकल्यांच्या अंतरावर, एक दुसऱ्यापेक्षा खोल. यात उष्णता नसतेच. टिकल्यांमध्ये विद्युतदाब उतरला आणि खाली खारट घाम असला की घामाचे विघटन सुरू होते, ऋण टिकलीपाशी सोडियम हायड्रॉक्साइड तयार होते, म्हणजे कॉस्टिक सोडा. तो कातडीत खड्डा करतो, बहुधा झोपेत, फारसे न दुखवता. चांगल्या घड्याळात मनगटावर असताना टिकल्या बंद ठेवणारी योजना असते. पाणी शिरून ती बिघडली किंवा घड्याळ हातावर असतानाच पॉवर बँकेची चुंबकी वायर लावली, तर हे घडू शकते. म्हणून हातावर ठेवून चार्जिंग कधीच नको.

भाजल्यावर पहिले काम घड्याळ काढणे. मग पूर्ण वीस मिनिटे, वेळ मोजून, नळाच्या वाहत्या पाण्याखाली मनगट धरायचे. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद-तूप नको, फोड फोडणे नको. बांगड्या-अंगठ्या सूज यायच्या आत काढाव्यात. कातडी पांढरी किंवा काळी पडली असेल, दुखत नसेल, किंवा बॅटरीतला द्रव लागला असेल तर तडक रायपूरचे मेकाहारा हे सरकारी रुग्णालय किंवा एम्स गाठावे.

विकत घेताना सराफ्यातली सवय इथेही कामाला येते. एचयूआयडी तपासायला जे बीआयएस केअर ॲप आपण उघडतो, त्यातच इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा आर क्रमांकही तपासता येतो. स्मार्टवॉचला ही नोंदणी सक्तीची आहे. खोक्यावर किंवा घड्याळाच्या पाठीवर 'आर' आणि पुढे आकडे असतात. ॲपमध्ये टाकले की बनवणाऱ्याचे नाव येते. ते खोक्यावरच्या नावाशी जुळत नसेल, किंवा क्रमांकच नसेल, तर घेऊ नका. हा क्रमांक विद्युत सुरक्षेचा आहे, निकेलची हमी तो देत नाही. बिल मात्र नक्की घ्या. तक्रारीची वेळ आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर बिलाचाच पहिला प्रश्न येतो.

चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, किंवा घड्याळ पुन्हा घातल्यावर परत उठला, तर त्वचारोगतज्ज्ञाकडून पॅच टेस्ट करून घ्यावी. पाठीवर निकेल सल्फेटसह वीसएक पदार्थांच्या टिकल्या चिकटवतात, दोन दिवसांनी काढून पाहतात, पुन्हा तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाहतात. तेवढे दिवस पाठ भिजवता येत नाही. रायपूरच्या उन्हाळ्यात घामाने पट्ट्या सुटतात, म्हणून ती दिवाळीनंतर केलेली बरी. जाताना घड्याळ, पट्टा, बकल आणि आजवर लावलेल्या सगळ्या मलमांच्या ट्यूब सोबत न्या, आणि घड्याळ हातावर नव्हे, पिशवीत न्या.